एमसी डोंगाचं नवं गाणं

प्रफुलनं नाकाला रुमाल लावला आणि धनराजदादाच्या खोलीत पाय ठेवला.

आत ओकारीचा आंबूस वास कोंडला होता. बाजेखालच्या घमेल्यावर माशा घोंघावत होत्या. धनराज अंगाची जुडी करून पडला होता. हातांना असा कंप सुटला होता की त्याची बायको पायलच त्याला पाणी पाजत होती. अर्धं पाणी हनुवटीवरून बनियनमध्ये ओघळत होतं.

दारूचा नुसता वासही प्रफुलला सहन होत नसे. दारूपायी एवढं भोगलेल्या माणसाचं असंच होणार, असं प्रफुलचे चाहते म्हणत.

"आज चौथा दिवस हाय, भाऊजी," पायल म्हणाली. "थेंब नाई घेतला त्यायनं. रातभर ओरडतेत, भिंतीवर मुंगळे दिसतेत म्हनतेत. पन मागून नाई राह्यले."

"आपल्या मनानं सोडली?"

"आमची छोटी पोरगी यायले पाहून पळते. जवळ जात नाई. तेच लागलं यायच्या मनाले."

धनराजनं डोळे उघडले, भावाकडे पाहून हसायचा प्रयत्न केला आणि पुन्हा मिटले.

नदीपलीकडे ब्रह्मपुरीत एका व्यसनमुक्ती केंद्रात जागा मिळाली होती. आज संध्याकाळपर्यंत भरती व्हायचं होतं, नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला गेली असती. "बसमंदी कसं नेऊ यायले?" पायल म्हणाली. "तुमची गाडी हाय. आन तुमचंच ऐकतेत ते."

"नेतो ना, वहिनी. माहा भाऊ हाय तो. तुमी छोटीजवळ राहा, मी भरती करून देतो."

पायलनं पदरानं डोळे पुसले.

अंगणात गावची पोरं मोबाइल उगारून उभी होती. प्रफुलनं खांद्यांवर अत्तर फवारलं आणि तो बाहेर आला. एकाचा सेल्फी झाला की दुसरा पुढे घुसत होता. आत माणूस कण्हत होता, त्याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. किळस यावी असा तो सगळा प्रकार होता, पण प्रफुल प्रत्येकाच्या गळ्यात हात टाकून हसत होता.

आता तो रॅपर एमसी डोंगा होता. त्याची कहाणी सगळ्या विदर्भाला पाठ होती. मासेमार ढिवराच्या घरातलं उपाशी पोर. इकडे गडचिरोलीत दारूबंदी, म्हणून पलीकडून वैनगंगेतून डोंग्यानं, लाकडाच्या छोट्या होडीनं, दारूचा माल आणायचा. जाळ्यात प्लास्टिकच्या बाटल्या बांधायच्या आणि सोबत मिठाचं पोतं. पोलिस दिसले की जाळं पाण्यात सोडायचं. मिठाच्या वजनानं माल तळाशी बसे, मीठ विरघळलं की आपोआप वर येई. पुढे आणता आणता पिणं आलं, आणि पिता पिता रक्ताच्या उलट्या.

*डोंग्यात मासोळी, पाण्याखाली माल,*
*मीच आनली, मीच पेलो, मीच झालो हलाल!*

या ओळींवर शहरातली कॉलेजची पोरं वेडी झाली होती. गावातले लोक मात्र या कहाणीबद्दल बरंवाईट काही बोलत नसत. अर्धा गाव त्याच धंद्यात होता, तोंड कोण उघडणार?

मागच्या वर्षी नागपूरला एका पत्रकार बाईनं त्याला विचारलं होतं, "मिठाचं पोतं विरघळायला किती वेळ लागायचा?" प्रफुलनं माइक या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाला, "आठवत नाई, ताई. दारूनं डोकं खाल्लं माहं." सभागृह हळहळलं. तो तुकडा लाखो लोकांनी पाहिला.

पण त्यानंतरची गाणी पडली. गाड्या, चेन, पोरी यांवर लिहिलेल्या रॅपला लोकांनी आईबहिणीवरून शिव्या दिल्या. गाण्यांच्या कंपनीचे लोक रोज फोन करत होते. त्यांना पुन्हा ती नदी हवी होती, ती घाण हवी होती.

प्रफुलनं मागच्या सीटवर बारदाना अंथरला आणि त्यावर धनराजला निजवलं. गाडी गावाबाहेर पडली.

"उलटी झाली तं गाडी खराब होईल रे तुही," धनराज म्हणाला.

"होऊ दे."

मग धनराज हळूच म्हणाला, "या बारीनं सुटते असं वाटून राह्यलं, प्रफुल. आज छोटी दरवाज्यापावतर आली होती. 'बाबा' म्हनली."

"चांगलं झालं."

"तुहं नवं गानं कुठी आलं?"

"अडकलं हाय, दादा."

गाडी पुलावर चढली. खाली वैनगंगेचं पात्र उन्हात पसरलं होतं. पूल संपला की जिल्हा बदलतो आणि दारू उघड मिळते. पहिल्या दुकानाची पाटी दिसताच धनराजनं तोंड सीटमध्ये खुपसलं. दारू सोडवायला माणसाला दारूच्या जिल्ह्यातच न्यावं लागत होतं, यासारखी चीड आणणारी गोष्ट दुसरी नव्हती.

"पानी घेऊन येतो," प्रफुल म्हणाला आणि गाडी थांबवून उतरला.

परत आला तेव्हा त्यानं गाडी पुढे काढली नाही. दारं लॉक केली, काचा वर केल्या. पिशवीतली बाटली काढून झाकण फिरवलं आणि ती भावापुढे धरली.

धनराज मागे सरकला. "नको रे. छोटी वाट पाहून राह्यली."

"दोनच घोट. शुद्धीत असला का तुले तुह्या डोंग्याचं काईच आठवत नाई, दादा. मागच्या बारीनं सोडली होती तवाबी असंच झालं."

वास गाडीभर पसरला. धनराज रडायला लागला. रडता रडताच त्याचा हात बाटलीकडे गेला.

तो पिऊन थांबेपर्यंत प्रफुलनं दम धरला. मग मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो त्याच्या तोंडाजवळ नेला.

"हं, सांग आता," तो मायेनं म्हणाला. "डोंगा उलटला, तवा मी कसा वाचलो?"