भागीच्या डाव्या हाताला

"मानसाच्या रक्तात फौज झोपलेली असते. ती एकदा उठली का कॅन्सरलापन पळता भुई थोडी," असं नवसीने बोईसरच्या मासळीबाजारात सकाळी नऊ वाजता जाहीर केलं.

"बोंबील कसे दिले?" सरावलीहून आलेल्या साखरबाईंनी विचारलं.

बोंबील द्यायला नवसी अजून आपल्या जागेवर बसलीच नव्हती. जागा तिला सासूकडून मिळालेली, शेजारीण भागीच्या डाव्या हाताला. वीस वर्षं ती तिथेच बसत आली. आजारपणामुळे दोन महिने घरी राहून आज मुरब्याहून टोपली घेऊन आली, तर तिचा पाट पार टोकाला, सुक्या मासळीशेजारी मांडलेला. बाजाराचा नियम जुनाच होता: वास मारणारा माल टोकाला. माणसाला तो पहिल्यांदाच लागू झाला होता.

"गिऱ्हाइकं तुजे हात बगतात," भागी म्हणाली. "नायटा लागंल म्हनतात."

"आट वर्सं नायट्याचीच मलमं लावली. बोईसरात एक टूब सोडली नाय. मंग मुंबयच्या डाक्टरनं तुकडा काडून तपासला. चामडीचा कॅन्सर हाय. तो कोनाला लागत नाय."

सगळ्या वळून तिच्याकडे बघायला लागल्या. नायट्याला एवढा मान कधी मिळाला नव्हता.

"आता आटवड्याला तीन सुया. मीच टोचते, पोटात. लय ताप येतो. सुई रोगाला नाय मारत, आपल्याच शिपायांना उटवते. मारतात ते."

"आन् आट वर्सं शिपाय काय करत व्हते?" भागीने विचारलं.

"झोपले व्हते. सरकारी असतील."

नवसीने पाट उचलला, भागीच्या डाव्या हाताला आणून आपटला, विळी मांडली आणि पोलक्याच्या बाह्या वर सारल्या. लाल चट्टे उघड्यावर आले.

"ज्याला बगायचं त्यानं पोटभर बगा. मी टोकाला बसनार नाय."

साखरबाईंनी चट्टे पाहिले. मग बोंबलाचे कल्ले उघडून पाहिले. ते जास्त वेळ पाहिले.

"एक वाटा द्या. डोकी काढून."

भागीने आपली टोपली वीतभर पलीकडे सरकवली. नवसीने ते पाहिलं, पण हातातलं काम थांबवलं नाही. साखरबाई पिशवी घेऊन गेल्या, तशी ती भागीकडे पाठ करून बसली.

"भागे, पाठीत जरा खाजव गो. तितवर फौज अजून पोचली नाय."