टेबलावरची जागा

दोनला जेवणाची सुट्टी संपली, की नोकरीला नवी लागलेली रेवती एकटीच पेन्शनची खिडकी उघडायची. बाकीच्यांचे डबे तीनपर्यंत चालायचे. याच खिडकीशी आईने मारलेले हेलपाटे ती विसरली नव्हती.

"फारच कामाची गं तू!" ऑफिसातल्या जुन्या कुलथेबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर तिला कुणी जागा देईना. महिनाभर तिने भिंतीकडे तोंड करून डबा खाल्ला.

आज ती डबा घेऊन टेबलाशी उभी राहिली. "आजपासून मीही खिडकी तीनलाच उघडते."

भराभर खुर्च्या सरकल्या. कुलथेबाईंनी तिच्या पोळीवर लोणच्याची फोड वाढली. "आत्ता कशी आमच्यातली झालीस!"

सव्वादोनला बंद खिडकीवर टकटक झाली. "बाई, आहे का हो कुणी?" आवाज आईच्याच वयाचा होता.

"लोणचं घरचं का हो?" रेवतीने जरा मोठ्यानेच विचारलं.