सुटी मोटर

केसरबाईंच्या विलायती जीपला पुढची चाकं इंजिनाला जोडायला, म्हणजे फोर-व्हील लावायला, दांडा नव्हता. बटण दाबलं की गिअरपेटीला लावलेली छोटी मोटर फिरायची आणि चाकं जोडली जायची. पण गिरणा नदीच्या पुलाआधीच्या वळणावर बटणाला हात न लावताही ती जोडली जात आणि गाडी जड होई. सुनेचे दिवस भरत आले होते आणि जळगावच्या दवाखान्याचा रस्ता तोच होता.

तोताराम मिस्त्रीने बटण बदललं, वायरी तपासल्या, शेवटी मोटरच नवी बसवली. गिऱ्हाइकाला संशय नको म्हणून जुनी मोटर नेहमीप्रमाणे हातात दिली. केसरबाईंनी ती फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतली आणि दोघं गाडी चालवून बघायला निघाले.

भर दुपार होती. वळण आलं. फोर-व्हीलचा दिवा लागला नाही.

"गेलं दुखणं," तोताराम म्हणाला.

केसरबाई मांडीकडे बघत होत्या. "तोतारामभाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "हाई फिरी ऱ्हायनी."

त्याने फडक्यावर हात ठेवला. आत मोटर सावकाश फिरली आणि खट् करून थांबली. तिला एकही वायर जोडलेली नव्हती.

गाडी जड झाली. ब्रेक लावून तो खाली उतरला. पुढच्या चाकांतून ओली वाळू गळत होती. नदी तर कधीची आटलेली.

त्याने मागे पाहिलं. चाकांच्या ओल्या खुणा रस्त्यावरून आलेल्याच नव्हत्या. त्या नदीतून वर चढून आल्या होत्या.