धाबं दणाणलं

दगडी रूळ धाब्याच्या कडेवरून निसटला, खालच्या पायऱ्यांवर आदळला आणि त्याचे दोन तुकडे झाले. गेलावेझ तुटका दोर हातात धरून बघत राहिली.

समोरच्या डोंगराचं टोक दुपारीच ढगात गेलं होतं. रात्री बर्फ पडणार, हे कुर्दिस्तानच्या हौरामान डोंगरातलं शेंबडं पोरही सांगेल. कालच तिने एकटीने धाब्यावर भुसा-मीठ घातलेला मातीचा गारा चढवला होता. तो आज दाबून बसला नाही तर बर्फाचं पाणी आत मुरेल, तुळया खचतील, आणि खाली अंथरुणाला खिळलेल्या सासूच्या अंगावर छप्पर येईल. दरवर्षी रूळ फिरवायचा तो शेरको, तिचा नवरा. तो वसंतातच अल्लाघरी गेला.

तिचं धाबं म्हणजे वरच्या घरातल्या फत्ताहचं अंगण. सगळं गावच तसं, एकाच्या डोक्यावर दुसरा. ती वर जाऊन त्याच्या दारात उभी राहिली.

“माम फत्ताह, रूळ फुटला.”

फत्ताहने चहाचा पेला खाली ठेवला. “मग मी काय करू? मी काय दगड आहे?” त्याने जोडे चढवले आणि तिच्या शेजारून तरातरा निघून गेला.

गेलावेझ ओठ चावत घरी आली. खिडकीला प्लास्टिक ठोकायला घेतलं, तर खिळा वाकला. दुसरा ठोकला, तर प्लास्टिकच फाटलं. शेगडी पेटवली, तर वाऱ्याने धूर उलटा घरात कोंबला.

“शेरको असता तर...” सासू खोकत म्हणाली.

“असता तर, असता तर! नाहीये ना तो, दाये!”

म्हातारीने तोंड भिंतीकडे वळवलं. गेलावेझला आपल्याच जिभेची लाज वाटली. तिने हातपाय धुऊन वजू केला आणि अस्रच्या, दिवस कलतानाच्या नमाजला उभी राहिली. निदान तेवढं तरी नीट व्हावं.

सजद्यात कपाळ टेकवलं तोच मानेवर माती पडली. मग आवाज आला. धप्, धप्, धप्प. तुळया हादरल्या. दोन पावलं पुढे, एक मागे, मग टाच. हा ताल ती चालायला लागल्यापासून ओळखत होती. हातात हात धरून, ओळीने नाचायचा लग्नातला नाच!

फत्ताहच्या पोरीची सोयरीक ठरत आली होती, हे तिच्या कानावर होतं. पण दुखवट्याच्या घरावर वर्षभर कुणी नाचत नाही. शत्रूसुद्धा नाही. आणि हे लोक, तिच्या ओल्या धाब्यावर, आजच्या दिवशी!

तिने नमाज पुरी केली, पण अशी घाईघाईची, रागाने भरलेली नमाज कुठवर पोचते कुणास ठाऊक. शेगडीचा चिमटा हातात घेऊनच ती पायऱ्या चढली.

वर बायका-पुरुषांची लांबलचक ओळ होती. बोटांत बोटं अडकवलेली, रबरी जोडे घोट्यांपर्यंत चिखलाने माखलेले.

“लाज नाही वाटत?” ती किंचाळली. “माझ्या माणसाच्या मातीवर अजून गवत उगवलं नाही!”

कुणी थांबलं नाही. फत्ताह सगळ्यांच्या पुढे होता, घामाघूम. बगलेत भुशाचं पोतं. दर चार पावलांना तो मूठभर भुसा पुढे फेकत होता, आणि मागची ओळ तो पायांनी रगडत येत होती. नवरी कुठे दिसेना. भरजरी कपडे कुणाच्याच अंगावर नव्हते. जिथून ओळ गेली होती तिथला गारा थाळीसारखा चोपून, गुळगुळीत बसला होता.

गेलावेझचा चिमट्याचा हात आपोआप खाली आला.

फत्ताहची बायको हपसा ओळीच्या शेवटी होती. तिला धाप लागली होती. “बघत काय उभी राहिलीस, बये? हा कोपरा अजून पोकळ वाजतोय. आणि आमच्यात तुझ्याएवढं वजनदार कुणी नाही.” तिने मोकळा हात पुढे केला.

“हपसा आत्या,” गेलावेझ म्हणाली. “माझा दुखवटा आहे गं.”

“म्हणून तर ढोल आणला नाही,” हपसा म्हणाली. “पाय आपट.”