अडतीस मुलींचं एकच पाप

"अडतीस मुली, मदर, आणि अडतीसजणींचं पाप एकच!" कंडक्टरबाई म्हणाल्या आणि खुर्चीत जरा सरकून बसल्या. सकाळपासून बसमध्ये उभं राहून त्यांच्या पायांचे तुकडे पडले होते. अंगावरचा खाकी गणवेशही बदललेला नव्हता. घरी गेल्यावर पुन्हा स्वयंपाक होताच.

पलंगावरच्या मदर हसायला लागल्या. हसता हसता खोकल्या. एके काळी ह्या बाईंची नुसती चाहूल लागली तरी अख्खी शाळा चिडीचूप व्हायची. आता डोळ्यांना दिसत नव्हतं आणि सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नव्हतं. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं मात्र सगळं लख्ख होतं.

"सांग ना, भिंगरे, पुढे सांग."

"पुढे काय! महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादरांपुढे पापं कबूल करायची रांग. आता दहा-बारा वर्षांच्या पोरींकडे कुठली आलीत पापं? मग आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत मी वाटून द्यायची. तू आईशी खोटं बोललीस, तू बहिणीचा हेवा केलास. त्या महिन्यात मेलं डोकंच चालेना, म्हणून सगळ्यांना एकच दिलं. शेजाऱ्याची सायकल चोरली!"

"अगं बाई!"

"दहाव्या मुलीनंतर फादरांनी पडदा सारून रांगेकडे बघितलं..."

"बाराव्या," दाराशी चादरींच्या घड्या घालणाऱ्या मावशी मान वर न करता म्हणाल्या. वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायकांचं सगळं त्याच करायच्या.

"बघ, मावशींनाही पाठ झालं!" मदर म्हणाल्या.

"बाराव्या. अजून सव्वीस बाकी! आणि शेवटची पोरगी भोकाड पसरून तुमच्याकडे आली. मदर, मला सायकल चालवताच येत नाही हो!"

मदरना हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग हसू थांबलं तरी पाणी थांबलं नाही. त्यांनी चाचपडत कंडक्टरबाईंचा हात धरला.

"चकत्यांचा डबा तू रिकामा केला नव्हतास, भिंगरे. मिस्साच्या प्रसादाच्या चकत्या उंदरांनी खाल्ल्या होत्या. तुला शाळेतून काढल्यावर आठवड्यानं कपाटामागे सगळं सापडलं. मी साफ केलं आणि गप्प बसले. भर प्रार्थनेला सगळ्यांसमोर तुला चोर म्हणाले होते. आता शब्द कसा मागे घ्यायचा, असं वाटलं. तुझं शिक्षण तिथेच सुटलं ना गं? मला माफ कर. ते ऐकल्याशिवाय माझा जीव जायचा नाही."

कंडक्टरबाईंना भरून आलं. दर वेळी यायचंच. "केव्हाच माफ केलं, मदर. आता निवांत झोपा."

मदरचा चेहरा सैल पडला. थोड्या वेळानं त्या झोपल्या.

कंडक्टरबाई बाहेर आल्या आणि बाकावर धपकन बसल्या. मागोमाग मावशी आल्या. वॉर्डात त्या सगळ्यांच्या मावशी असल्या, तरी कंडक्टरबाईंच्या त्या थोरल्या जाऊबाई.

"जाऊबाई, आता माझ्याच्यानं नाही होत. हा पाचवा गुरुवार. माफ केलं म्हटलं की दोन दिवस बऱ्या असतात, मग विसरतात आणि पुन्हा तळमळायला लागतात. मी त्या शाळेची पायरी चढले नाही की फाटक पाहिलं नाही. तुम्ही शिकवलंत तेवढं पोपटासारखं बोलते आणि कुणा परक्या बाईच्या वतीनं माफ करते. मरणाच्या दारातल्या माणसाला असं फसवायचं, मला रात्री झोप येत नाही हो."

जाऊबाई बाकाच्या कडेला टेकल्या. त्याही दमलेल्या होत्या. वॉर्डात अजून चार जणींना भरवायचं राहिलं होतं.

"तुम्हाला तिच्याबद्दल एवढं माहीत आहे, तर तिलाच शोधून आणा की. तिनं स्वतः एकदा म्हटलं, तर बाईंच्या जिवाला खरी शांतता मिळेल."

"सात वर्षं झाली, मी त्यांना रोज अंघोळ घालते, भरवते, कुशीवर वळवते," जाऊबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण तेवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघत नाही गं."