दोघांची सही

कोरोनाच्या साथीत हॉटेल बंद पडलं तेव्हा कोरीनला बेकारभत्ता मिळाला. नवरा-बायकोने मिळून त्यावर करही भरला, आणि मग सरकारने मागच्या तारखेपासून तो कर माफ करून टाकला. आमच्या गल्लीत ज्याला त्याला परताव्याचे चेक येऊ लागले. कोरीन मात्र मे महिन्यात एका बॅगेनिशी माझ्या वरच्या खोलीत येऊन राहिली होती आणि नवा पत्ता तिने कुणालाच दिला नव्हता.

"अगं, टॅक्सवाल्यांना तरी कळव," मी रोज तिच्या मागे लागायची. "हक्काचे पैसे आहेत तुझे."

"नको, बेव्ह. चेक दोघांच्या नावाने निघणार, त्यावर त्याचीही सही लागणार. त्यासाठी मी टोलेडोला त्याच्या घरी परत जाणार नाही."

आज दारातल्या पत्रपेटीत तिच्या नावाचं पाकीट दिसलं. धापा टाकत जिना चढून मी ते वर नेलं. आत तोच चेक होता, आणि मागे नवऱ्याची ठसठशीत सही.

"बघ, उगाच घाबरत होतीस," मी म्हणाले. "सुधारला की गं माणूस. आता तुझी सही ठोक आणि बँक गाठ."

कोरीनचं चेककडे लक्षच नव्हतं. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं, मग हळूच खिडकीचा पडदा ओढून घेतला.

"बेव्ह," ती कुजबुजली, "यावर पोस्टाचं तिकीटच नाही."