डावीकडची परात

लेकीला कडेवर घेऊन शाल्मली गच्चीवर आली, तर डावीकडची परात पालथी. शेजारी खडूनं लिहिलेलं ‘हात लावू नये’ मात्र तसंच.

“आई, आठ दिवस उन्हात ठेवलेलं पाणी ओतलंत?”

“मग? डासांच्या अळ्या वळवळत होत्या त्यात,” सासूबाई म्हणाल्या. “लेकराला डेंगी झाला म्हणजे? उजवीतलं स्वच्छ होतं, ते ठेवलंय.”

शाल्मलीनं कपाळावर हात मारला. दोन्ही परातींत द्राक्षबागेतल्या विहिरीचंच पाणी होतं, फवारणीचं विष उतरलेलं. डावीत तिनं भुकटीचा लेप दिलेल्या काचा ठेवल्या होत्या. ऊन पडलं की तो लेप विषाचे तुकडे करतो, निदान प्रयोगशाळेत तरी. आज नमुना तपासायला न्यायचा, तर नेमकं तेच पाणी गेलं.

मग तिचा हात कपाळावरच थांबला. उजवीतल्या विषात एकही अळी जगली नव्हती.

“डावीतल्या जिवंत होत्या?”

“चांगल्या नाचत होत्या.”

“किती?”

“मोजायला काय वऱ्हाडी होते?”

तिनं लेकीचा पापा घेतला आणि परात पुन्हा भरायला बादली उचलली.

“आता अळ्या झाल्या की आधी मला हाक मारा, आई. आणि त्या स्वच्छ पाण्याला हिचा हात लागू देऊ नका.”